कागलच्या बंधाऱ्यावरून ‘फ्रेश वॉटर’ बघताना



गेल्या महिन्यात एका ज्युनियर मुलीचा मेसेज आला. एमएस्सी झालीय, पेटची तयारी चालू आहे. तिने लिहिलं होतं, “ताई, ‘अवर प्लॅनेट’ बघितली. मला गोड्या पाण्यावरच पीएचडी करायचीय, नद्या वाचवण्यासाठी काहीतरी. टॉपिक सुचवा ना.”

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य जवळपास हेच होतं. आरआरसीसमोर बसल्यावर एका सरांनी शांतपणे विचारलं होतं, “कुठली नदी?” मी सगळीकडे ‘नद्या’ असं अनेकवचन लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. सिनॉप्सिस परत आला आणि तो पुन्हा लिहिण्यात सहा महिने गेले.

त्या मुलीला द्यायचं उत्तर मोठं झालं, म्हणून ही पोस्ट. नद्यांवरच्या डॉक्युमेंटरी बघून संशोधनाकडे वळणारे तुमच्यात बरेच जण असतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मीही त्यातलीच. पण या फिल्म काय दाखवतात आणि काय दाखवू शकत नाहीत, हे संशोधनाला बसण्याआधी नीट बघून घ्यायला हवं. मी तीन कामं घेते: बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ’चा (२००६) ‘फ्रेश वॉटर’ हा तिसरा भाग, नेटफ्लिक्सच्या ‘अवर प्लॅनेट’चा (२०१९) त्याच नावाचा सातवा भाग आणि आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांची ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५). तपासणीसाठी जागा घेते कागलची पंचतारांकित एमआयडीसी.

कागलच का?

‘पंचतारांकित’ ऐकून बाहेरच्या माणसाला हॉटेल आठवतं. पुणे-बेंगळुरू हायवेवरून लक्ष्मी टेकडीपाशी वळलं की ही वसाहत लागते. कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांत ती पसरली आहे. कापड, फौंड्री, इंजिनिअरिंग असं सगळं तिथे आहे. उत्तरेला पंचगंगा, दक्षिणेला दूधगंगा, आणि दोन्ही शेवटी कृष्णेलाच मिळतात. पाणी लागणारा उद्योग, उसाची शेती, पिण्याचं पाणी मागणारी गावं आणि शहरं, शिवाय पलीकडे कर्नाटक, असं सगळं थोडक्या किलोमीटरमध्ये सापडतं. नदीवरची कुठलीही थिअरी इथे लावून बघता येते.

पहिली गोष्ट: ‘फक्त तीन टक्के’

गोड्या पाण्यावरची जवळपास प्रत्येक फिल्म या आकड्याने सुरू होते. पृथ्वीवरचं साधारण ९७.५ टक्के पाणी खारं, उरलेलं २.५ टक्के गोडं, त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं, बाकीचं बहुतेक जमिनीखाली. नद्यांच्या वाट्याला येतो तो अगदी कणभर हिस्सा. आकडा बरोबर आहे. ऐकून छातीत धस्स होतं, आणि तो त्यासाठीच ठेवलेला असतो.

पण हा साठ्याचा आकडा आहे. नदी म्हणजे साठा नव्हे, प्रवाह आहे. जगातल्या नद्यांच्या पात्रांत या क्षणी असलेलं पाणी सरासरी साधारण दोन आठवड्यांत बदलून जातं. भूजलाला त्यासाठी शेकडो-हजारो वर्षं लागू शकतात. म्हणजे पाण्याची टंचाई ‘पृथ्वीवर पाणी किती’ या प्रश्नातून समजत नाही. पाणी कुठे, कधी, कुठल्या दर्जाचं आणि कुणाच्या वाट्याला, हे विचारावं लागतं.

आपल्या जिल्ह्याचंच बघा. गगनबावड्यात वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शिरोळात आलात की तो सहाशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोका रेषा ओलांडून पन्नास फुटांच्याही वर गेली. त्याच पंचगंगेच्या काठी इचलकरंजीत उन्हाळ्यात पाण्यासाठी घागरी घेऊन रांगा लागतात. ‘जगात गोडं पाणी कमी आहे’ हे वाक्य या दोन्ही चित्रांपैकी एकाचंही कारण सांगत नाही.

दुसरी गोष्ट: कॅमेऱ्याला ऑक्सिजन दिसत नाही

‘प्लॅनेट अर्थ’चा भाग व्हेनेझुएलातल्या एंजल धबधब्यापासून सुरू होतो आणि पाण्याबरोबर डोंगरातून समुद्रापर्यंत उतरतो. रचना म्हणून हे उत्तम आहे. वाटेत भारतातला एक प्रसंग येतो: पाणमांजरांचा कळप मगरींना पिटाळतो. मी तो कितीतरी वेळा बघितलाय आणि आजही हसू येतं. पण हा प्रसंग बघून सांगलीची कृष्णा आठवा. तिथेही मगरी आहेत. फक्त त्यांच्या चौकटीत ऊस, मोटारी आणि धुणं धुणारी माणसंही येतात. ‘प्लॅनेट अर्थ’च्या फ्रेममध्ये माणूस जवळपास नाहीच. संवर्धनाची चर्चा निर्मात्यांनी ‘प्लॅनेट अर्थ: द फ्युचर’ या तीन भागांच्या वेगळ्या मालिकेत ठेवली. म्हणजे सौंदर्य एका ताटात, संकट दुसऱ्या ताटात.

‘अवर प्लॅनेट’ने ही चूक सुधारायचा प्रयत्न केला. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या सहकार्याने ती बनली आणि निवेदनात संकटाचा उल्लेख वारंवार येतो. ज्युलिया जोन्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या मालिकेच्या संहितेचं विश्लेषण केलं. त्यांचं निरीक्षण महत्त्वाचं आहे: आधीच्या मालिकांपेक्षा इथे धोक्यांबद्दल जास्त बोललं जातं, पण माणसाने केलेलं नुकसान पडद्यावर क्वचितच दिसतं. कानावर संकट पडतं आणि डोळ्यांसमोर प्लॅट नदीवरचे हजारो क्रौंच येतात.

पुढचं म्हणणं माझं. निर्मात्यांनी ठरवून कॅमेरा वळवला, तरी नदीचं बरंचसं आजारपण कॅमेऱ्यात येणारच नाही.

पावसाळ्यातली दूधगंगा लाल-तपकिरी, गढूळ असते. पडद्यावर ती घाण वाटेल. खरं तर त्या वेळी पाण्यात ऑक्सिजन चांगला असतो आणि पुरामुळे दूषित पदार्थ विरळ झालेले असतात. उलट मार्च-एप्रिलमध्ये इचलकरंजीजवळची पंचगंगा ड्रोनवरून हिरवीगार दिसते. तो हिरवा रंग केंदाळाचा. पुस्तकात त्याला जलपर्णी म्हणतात. नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर असल्याची ती खूण. त्या गालिच्याखाली उजेड जात नाही, हवेतला ऑक्सिजन नीट मिसळत नाही.

त्यात आपल्या नद्यांचं एक वेगळेपण आहे, ते कुठल्याच आंतरराष्ट्रीय फिल्ममध्ये येत नाही. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ महाराष्ट्रभर पोचला, तो इथून. पावसाळा संपला की बरगे घालतात, पाऊस यायच्या आधी काढतात. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने आपली नदी ही एकामागे एक मांडलेल्या तळ्यांची माळ असते. साचलेल्या पाण्यात सांडपाणी आलं की जिवाणू त्यातले सेंद्रिय पदार्थ खातात आणि पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. पाणी कोमट असेल तर मुळात ऑक्सिजन कमी विरघळतो. शेवाळही रात्री ऑक्सिजन घेतं, त्यामुळे पहाटे पातळी सगळ्यात खाली जाते. मग बरगे निघाले किंवा वरून पाणी सुटलं की ते साठलेलं पाणी एकदम खालच्या बंधाऱ्यावर येतं. शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

फिल्मवाला तिथे पोचतो सकाळी दहाला आणि मेलेला मासा शूट करतो. संशोधकाला तिथे असावं लागतं आदल्या पहाटे चारला, हातात डीओ मीटर घेऊन. त्यात बघण्यासारखं काहीच नसतं. स्क्रीनवर एक आकडा हळूहळू खाली येत असतो.

कापडाच्या सांडपाण्याचंही असंच. रंगीत पाणी वाहिलं की फोटो निघतो. पण रिअॅक्टिव्ह रंगाने सुती कापड रंगवताना मीठ बरंच वापरतात आणि जिवाणूंवर चालणाऱ्या प्रक्रियेत ते मीठ निघत नाही. रंग आणि बीओडी दोन्ही कमी झालेलं, अगदी स्वच्छ दिसणारं पाणीही खारट असू शकतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं भारतीय मानक सांगतं. हे डोळ्यांनी तपासता येत नाही.

तिसरी गोष्ट: गुन्हेगार कोण?

या फिल्मच्या निवेदनातलं सर्वांत धोकादायक सर्वनाम आहे ‘आपण’. आपण नद्या अडवल्या, आपण पाणी संपवलं. ‘आपण’ म्हटलं की कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. आणि स्थानिक व्हिडिओंमध्ये याच्या बरोबर उलट होतं: चिमणीचा एक शॉट, त्यावर गंभीर संगीत, आणि एमआयडीसी दोषी.

मी एमआयडीसीची वकिली करत नाही. पण प्रदूषणाचा वाटा ठरवायला भार काढावा लागतो, म्हणजे तीव्रता गुणिले प्रवाह. एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका कारखान्याचं सांडपाणी रोज १ लाख लिटर, बीओडी लिटरला १००० मिलिग्रॅम. भार झाला रोज १०० किलो. शेजारी शहराचा नाला रोज १० लाख लिटर, बीओडी फक्त २००. भार रोज २०० किलो. बाटलीत कारखान्याचं पाणी पाचपट वाईट, नदीत मात्र नाल्याचा भार दुप्पट. कोल्हापुरात जयंती नाल्याचं नाव पंचगंगेबरोबर का घेतलं जातं, हे यावरून कळेल. यात एक मेखही आहे: क्षार किंवा विषारी धातू मोजायचे ठरवले, तर हाच हिशेब उलटू शकतो. म्हणजे ‘जास्त प्रदूषण कोण करतं’ या प्रश्नाला, कशाचं प्रदूषण ते ठरवल्याशिवाय उत्तरच नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या अहवालात देशात ३११ आणि महाराष्ट्रात ५५. निकष मुख्यतः बीओडीचा: लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा यादीत. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हा आकडा येणारच. तो लिहिताना लक्षात ठेवा की या यादीत क्षार नाहीत, कीटकनाशकं नाहीत, पाणी किती उरलंय तेही नाही.

चौथी गोष्ट: माणसांना नाव असतं

इथे ‘अ नर्मदा डायरी’ वेगळी पडते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली. पटवर्धन आणि धुरू तिथल्या लोकांबरोबर काही वर्षं राहून-जाऊन चित्रण करतात. चित्र साधं आहे, ड्रोन नाही, भव्य संगीत नाही. पण कुठलं गाव, कुठला मोर्चा, कोण बोलतंय, हे कळतं. ही फिल्म मला फील्ड नोटबुकसारखी वाटते.

तिच्यातही उणीव आहे. ती आंदोलनाच्या बाजूने उभी आहे आणि ते लपवत नाही. पण धरणाच्या खालच्या टोकाला पाण्याची वाट बघणारा माणूस तिच्यात जवळपास येत नाही, आणि पाण्याचा हिशेब मांडणं हे तिचं काम नाही. तरी बाजू उघड असली की वाचणाऱ्याला तपासता येतं. ‘अवर प्लॅनेट’च्या गोड आवाजाला बाजू नाही असं वाटतं, म्हणून तिथे जास्त सावध राहावं लागतं.

कागलला हे का लागू पडतं ते सांगते. २०१२ मध्ये इचलकरंजीत कावीळची मोठी साथ आली, माणसं गेली. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, ‘नीरी’कडून अहवाल मागवला गेला. साहजिकच शहराने स्वच्छ पाणी दुसरीकडून मागितलं. आधी वारणेवर दानोळीची योजना, तिला वारणाकाठाने विरोध केला. मग दूधगंगेवर कागल तालुक्यातल्या सुळकूडची योजना, तिला दूधगंगाकाठाने विरोध केला. दरम्यान कोल्हापूरने काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन घेतली, २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास पाणी शहरात पोचलं.

आता या गोष्टीत खलनायक कोण? इचलकरंजीतली आई, जिला मुलाला कावीळ होऊ द्यायची नाही? की सुळकूडचा शेतकरी, ज्याला वाटतं की एक नदी घाण झाली म्हणून आमची घेताय, उद्या आम्ही कुठे जायचं? अशा वादावर ५० मिनिटांची सुंदर फिल्म निघणं कठीण, कारण शेवटी दाखवायला आशेचा सूर्योदय नाही. पण पीएचडीचे निदान चार विषय यात आहेत.

पाचवी गोष्ट: फिल्म बघून काही बदलतं का?

‘जनजागृती होते’ हे आपण गृहीत धरतो. हेही तपासता येतं आणि लोकांनी तपासलंय. फर्नांडेझ-बेलन आणि केन यांनी २०२० मध्ये ‘प्लॅनेट अर्थ टू’नंतरचा ट्विटर आणि विकिपीडियाचा डेटा बघितला: फिल्ममध्ये दिसलेल्या प्रजातींबद्दल लोकांची उत्सुकता स्पष्टपणे वाढते. त्याच वर्षी डन, मिल्स आणि व्हेरिसिमो यांनी ‘ब्लू प्लॅनेट टू’वर प्रयोग केला. बघणाऱ्यांचं ज्ञान वाढलं, पण प्लास्टिक निवडण्याच्या वागण्यात फरक आढळला नाही. उत्सुकता, माहिती आणि कृती या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तुमच्या प्रस्तावात ‘यामुळे जागृती होऊन नदी वाचेल’ असं वाक्य असेल, तर ते काढा किंवा सिद्ध करा.

अजून एक आकडा, जो अशा फिल्मभोवतीच्या चर्चेत कायम भेटतो: ‘गोड्या पाण्यातले ८३ टक्के प्राणी १९७० पासून नष्ट झाले.’ डब्ल्यूडब्ल्यूएफच्या २०२२ च्या लिव्हिंग प्लॅनेट अहवालात ८३ टक्के हा आकडा आहे, पण त्याचा अर्थ हा नाही. तो निरीक्षणाखालच्या समूहांच्या आकारातल्या सापेक्ष घटीची सरासरी आहे. छोटं गणित करा. एका डोहात १०० मासे होते, १० उरले. दुसऱ्यात १००० होते, ९०० उरले. एकूण मासे ११०० वरून ९१० वर आले, घट साधारण १७ टक्के. पण दोन समूहांची गुणोत्तरं ०.१ आणि ०.९, त्यांची भूमितीय सरासरी ०.३. निर्देशांक सांगणार ७० टक्के घट. दोन्ही उत्तरं बरोबर, प्रश्न वेगळे. व्हायवात परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

मग फिल्म बघायच्या का?

जरूर बघा. ‘प्लॅनेट अर्थ’ने मला नदी ही डोंगरापासून समुद्रापर्यंत एक सलग गोष्ट आहे हे दाखवलं, ते पाठ्यपुस्तकाने नव्हतं दाखवलं. ‘अवर प्लॅनेट’ने पाणी आणि स्थलांतर करणारे पक्षी यांचं नातं दाखवलं. ‘नर्मदा डायरी’ने परत परत त्याच गावी जायला शिकवलं. फक्त बघताना शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक दृश्याला चार प्रश्न विचारा: ही कुठली जागा आणि कुठला महिना? हा दावा कुठल्या मोजमापावर उभा आहे? फ्रेमच्या बाहेर काय राहिलं? आणि ‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

त्या मुलीला मी शेवटी हेच लिहिलं. ‘नद्या वाचवणे’ हे बाजूला ठेव. त्याऐवजी असं काहीतरी विचार: दूधगंगेच्या एका बंधाऱ्यात बरगे घातल्यापासून काढेपर्यंत पहाटेचा डीओ कसा बदलतो? किंवा औद्योगिक वसाहतीच्या वरच्या आणि खालच्या विहिरींत उन्हाळ्यात क्षारांचा फरक किती? प्रश्न छोटा वाटेल. पण त्याला एक नदी आहे, एक जागा आहे, एक ऋतू आहे.

जाता जाता माझंही एक सांगते. पहिल्या वर्षी दूधगंगेवर सॅम्पल घेत होते. काठावर एक आजोबा बसले होते. बाटल्या, बर्फाचा डबा, लेबलं, सगळं बघत होते. म्हणाले, “पोरी, शूटिंगवालीबी आल्ती मागं. तू बी नेतीयास. एवढं सांग, हे पाणी प्यायचं का न्हाई?”

मी म्हटलं, “आजोबा, एका सॅम्पलवरून नाही सांगता येत.” उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. ते हसले आणि तंबाखू मळायला लागले.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. दर हंगामाचे निकाल साध्या मराठीत एका पानावर लिहायचे, किती सॅम्पल घेतले आणि काय अजून सांगता येत नाही ते खाली लिहायचं, आणि तो कागद ग्रामपंचायतीत नेऊन द्यायचा. पेपर छापून येईल तेव्हा येईल. आजोबांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे अजूनही नाही, पण आता निदान प्रश्न त्यांचा आहे. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या नदीकाठी असा प्रश्न कोण विचारतंय ते आधी शोधा. टॉपिक तिथेच मिळेल.